ज्ञानाची मालकी कोणाची?

(विद्यार्थी वसतिगृहांत झालेलें भाषण)



पाश्चात्य तत्त्वज्ञानांतील बुद्धिवाद आणि अनुभववाद या विषयावर मीं बोलावें अशी आपली आज्ञा झाली. नांव ऐकूनच कोणी म्हणेल, हा भरल्या पोटाच्या पंडितांचा वाद. शेतकऱ्याच्या नि कामकऱ्याच्या मुलांना त्याचें काय? माझें म्हणणें उलट आहे. या वादाच्या मुळाशीं एकच प्रश्न आहे: खरें काय नि खोटें काय, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा? ज्यांना हा अधिकार पिढ्यान्‌पिढ्या नाकारला गेला, त्यांनीं तरी हा वाद कान देऊन ऐकलाच पाहिजे.

सतराव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत या प्रश्नाचें उत्तर ठरून गेलेलें होतें. परलोकाचें सत्य धर्मगुरूनें सांगावें, इहलोकाचें सत्य ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांवरून विद्यापीठानें सांगावें, आणि दोघांनींहि तें लॅटिन भाषेंत सांगावें. म्हणजे शेतकऱ्याला नि सुताराला त्यांत तोंड घालावयास नको! पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते, हें आपलें मत गॅलिलिओला १६३३ सालीं रोम येथें गुडघे टेकून सोडावें लागलें.

ही वार्ता हॉलंडांत राहणाऱ्या रने देकार्त या फ्रेंच पंडिताच्या कानीं गेली, तेव्हां तेंच मत असलेला आपला ग्रंथ छापण्याचें त्यानें रहित केलें. पण चार वर्षांनीं, १६३७ सालीं, त्यानें दुसरें पुस्तक काढलें, आणि तें लॅटिन सोडून आपल्या फ्रेंच भाषेंत. खरेंखोटें निवडण्याची बुद्धि सर्व माणसांत सारखीच वांटलेली आहे, असें त्यानें आरंभींच सांगून टाकलें. त्याची रीत अशी: ऐकीव नि पढीव तें सगळें एकदां बाजूला काढावें, डोळ्यांनीं दिसलेलेंहि काढावें, कारण डोळेहि फसवितात. मग ज्याविषयीं शंकाच घेतां येत नाहीं असें काय उरतें? शंका घेणारा मी उरतों. या पायावर भूमितीप्रमाणें एकेक सिद्धांत रचीत जावें. हा बुद्धिवाद.

ही रीत धर्मग्रंथालाच लावण्याची छाती बारुख स्पिनोझानें केली. वयाच्या तेविसाव्या वर्षीं, १६५६ सालीं, ॲमस्टरडॅमच्या यहुदी समाजानें त्याच्यावर बहिष्कार घातला. त्यानें पुढें भिंगें घांसून पोट भरलें, पण मत बदललें नाहीं. बायबल हें इतर पुस्तकांसारखेंच वाचावें. तें कोणीं लिहिलें, केव्हां लिहिलें, कोणासाठीं लिहिलें, हें विचारावें, असें त्यानें १६७० सालच्या पुस्तकांत प्रतिपादिलें. त्यावर नांव घालण्याची सोय नव्हती. चार वर्षांत त्या पुस्तकावर बंदी आली.

परंतु देकार्ताच्या मतांत एक वाट मोकळी राहिली होती. कांहीं कल्पना, उदाहरणार्थ ईश्वराची कल्पना, माणूस जन्मतःच घेऊन येतो, असें तो मानी. इंग्लंडांत जॉन लॉक या वैद्यक शिकलेल्या गृहस्थानें नेमकें यावरच बोट ठेवलें. त्याचा मोठा ग्रंथ १६८९ च्या अखेरीस बाहेर पडला. त्याचा सवाल साधा आहे: एखादें तत्त्व जन्मापासून मनांत असेल, तर तें तान्ह्या मुलाला कां ठाऊक नसतें? देशोदेशींच्या लोकांत त्याविषयीं एकमत कां नसतें? मन हें जन्मतः कोऱ्या कागदासारखें असतें. त्यावर जें उमटतें तें इंद्रियांनीं आणलेलें आणि मनानें स्वतःच्या व्यापारांकडे पाहून मिळविलेलें. हा अनुभववाद.

लॉक येथेंच थांबत नाहीं. जन्मजात तत्त्वांच्या मतापासून फायदा कोणाचा होतो, हेंहि तो विचारतो. जे स्वतःला गुरु म्हणवितात त्यांचा! एखादी गोष्ट उपजतच खरी म्हटली, कीं तिची छाननी करणें पाप ठरतें. शिष्याची बुद्धि पांगळी होते आणि गुरूचा कारभार निर्वेध चालतो. दाईनें किंवा घरांतल्या म्हातारीनें लहानपणीं कानांत घातलेली समजूत केव्हां घातली हें आठवत नाहीं, म्हणून मोठेपणीं ती देवानेंच मनांत लिहिली असें वाटूं लागतें, हेंहि तो दाखवून देतो. मित्रहो, जन्मावरून उच्चनीच ठरविणाऱ्या समजुतीला ही कसोटी लावून पाहा.

लॉकला डब्लिनच्या विल्यम मॉलिनोनें एक कोडें घातलें होतें. जन्मांध माणूस चौकोनी ठोकळा नि वाटोळा गोळा हातानें चांचपून ओळखतो. त्याला एकाएकीं दृष्टि आली, तर हात न लावतां, नुसतें पाहून तो कोणता कोणता हें सांगेल काय? दोघांचेंहि उत्तर 'नाहीं' असें होतें. तीनशें वर्षांनीं याचा पडताळा आपल्याच देशांत पाहण्यांत आला. दिल्लीस ८ ते १७ वर्षांच्या पांच अंध मुलांना शस्त्रक्रियेनें दृष्टि मिळाली. हाताला कळलेला आकार डोळ्यांनीं निवडावयास सांगितला, तेव्हां त्यांचें उत्तर जवळजवळ अंदाजपंचेच आलें, असें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. पण पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. थोड्याच दिवसांनीं ज्यांची पुन्हां परीक्षा झाली, त्यांना तें बरेंच जमूं लागलें. पहिल्या दिवशींच्या परीक्षेवरून कोणी त्या मुलांना मंदबुद्धि ठरविलें असतें, तर केवढा अन्याय झाला असता!

परंतु इतक्या थोड्या दिवसांत तें जमलें कसें? कागद अगदींच कोरा नसावा. येथें जर्मनीच्या लायब्निझची बाजू ऐकली पाहिजे. मन हें शिरा असलेल्या संगमरवरासारखें आहे, मूर्ति घडवावी लागते, पण शिरा आधींच असतात, असें त्याचें म्हणणें. लॉकला उत्तर म्हणून त्यानें ग्रंथ लिहिला. पण १७०४ सालीं लॉक वारला, म्हणून त्यानें तो छापला नाहीं. तो १७६५ सालीं प्रसिद्ध झाला. उलट बाजूनें, स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमनें १७३९ सालीं अनुभवाचीच झडती घेतली. एकामागून दुसरी गोष्ट घडते एवढेंच दिसतें, ती घडलीच पाहिजे हें कोठें दिसतें? ती मनाची संवय. या प्रश्नानें जागा झालेल्या कान्टनें १७८१ सालीं दोघांची सांगड घातली. त्याचें मत आपल्या भाषेंत सांगावयाचें तर, दाणे नसतील तर जातें नुसतें घरघरतें, आणि जातें नसेल तर दाण्यांचें पीठ होत नाहीं.

हीं दोन पथकें पुढच्या इतिहासकारांनीं पाडलीं, हेंहि ध्यानांत ठेवा. ते आपसांत कितीहि भांडले, तरी 'ग्रंथांत आहे म्हणून खरें' हा न्याय कोणाहि एकानें तत्त्वज्ञानांत चालूं दिला नाहीं. त्याच हवेंत वाढलेल्या टॉमस पेनचें मानवी हक्कांवरील पुस्तक जोतीराव फुले यांनीं तरुणपणीं वाचलें, आणि १८७३ सालीं त्यांनीं काढलेल्या समाजाच्या नांवांतच सत्याचा शोध आहे.

आतां एक इषारा देतों. या थोरांनाच देव्हाऱ्यांत बसवूं नका. माणूस स्वतंत्र आहे असें लिहिणाऱ्या लॉकचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनींत गुंतलेले होते. कॅरोलिना वसाहतीच्या १६६९ च्या घटनेंत निग्रो गुलामावर धन्याची पूर्ण सत्ता मान्य केलेली आहे, आणि ती घटना तयार करण्यांत त्याचा हात होता. अनुभवाची एवढी महती गाणाऱ्या ह्यूमनें काळे लोक निसर्गतःच हीन असावेत, असें एका टीपेंत लिहून ठेवलें. हा कुठला अनुभव? ही तर दाईनें कानांत घातलेली गोष्ट! त्यांची चूक त्यांच्याच कसोटीनें उघडी पडते, यांतच त्या कसोटीची किंमत आहे.

म्हणून कोणी तुम्हांला एखादी गोष्ट 'अशीच आहे' म्हणून सांगेल, मग तो पुरोहित असो, पुढारी असो, प्रोफेसर असो किंवा आजचा हा वक्ता असो, त्याला नम्रपणें दोन प्रश्न करा: हें तुम्हीं कशावरून ओळखलें? आणि तें मला स्वतः पडताळून पाहतां येईल काय? हे प्रश्न विचारावयास पदवी लागत नाहीं, आणि जात तर मुळींच लागत नाहीं.