डॉक्सिसायक्लिन : मात्रा, काल आणि अनुपान



वसंत ऋतूत भरणाऱ्या व्याख्यानमालेत पावसाळ्यातील औषधाविषयी बोलण्यास उभे राहणे काहींना अकालीचे वाटेल. परंतु मृग लागून सखल भागांत गुडघाभर पाणी साचले, पालिकेचे इशारे निघाले आणि औषधांच्या दुकानांपुढे गर्दी उसळली, म्हणजे ‘हे औषध कसे घ्यावे’ हे सांगण्यास सांगणाऱ्याला सवड नसते आणि ऐकून घेण्यास ऐकणाऱ्याला धीर नसतो. म्हणूनच व्यवस्थापकांनी विषय विचारला तेव्हा मी डॉक्सिसायक्लिन हे एकच नाव कळवले. प्रतिजैविकांच्या दुरुपयोगावर सर्वसाधारण प्रवचन करणे सोपे असते आणि सभागृहाबाहेर पडताच ते विसरणे त्याहूनही सोपे असते. एकच औषध घेऊन त्याचे गुणदोष नीट न्याहाळले, तर श्रोत्याच्या पदरी काही तरी पडण्याचा संभव अधिक.

या औषधाचे कूळ मातीतले आहे. अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाच्या सॅनबॉर्न फील्ड या प्रयोगक्षेत्रातल्या मातीच्या नमुन्यातून बेंजामिन डग्गर या वनस्पतिशास्त्रज्ञाने, वयाची सत्तरी उलटून गेल्यावर, सोनेरी रंगद्रव्य निर्माण करणारा एक सूक्ष्मजीव वेगळा काढला, आणि त्यापासून मिळालेले ऑरिओमायसिन १९४८ साली जगापुढे आले. हे कार्य लेडर्ले प्रयोगशाळेत झाले, आणि तेथील संशोधनाची सूत्रे त्या काळी आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाती होती. हे नाव आपल्याकडच्या सुशिक्षितांनाही क्वचितच ठाऊक असते, ही खेदाची गोष्ट होय. त्याच कुळात पुढे टेट्रासायक्लिन निघाले, आणि रेणूच्या रचनेत हेतुपुरस्सर फेरफार करून फायझर कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी सिद्ध केलेले डॉक्सिसायक्लिन १९६७ साली अमेरिकेत विक्रीस आले. वडीलधाऱ्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दिवसातून चार वेळा घ्याव्या लागत; डॉक्सिसायक्लिन रक्तात दीर्घकाळ टिकून राहत असल्यामुळे एकदा किंवा दोनदा घेतलेले पुरते, आणि ते मूत्रपिंडावर फारसा भार न टाकता मुख्यतः मलावाटे निघून जात असल्याने मूत्रपिंडाच्या रोग्यासही बहुधा देता येते. जंतूच्या पेशीत प्रथिने घडवणारी जी यंत्रणा आहे तिला चिकटून हे औषध त्याची वाढ थांबवते. ते जंतूला सहसा ठार मारीत नाही, तर जखडून ठेवते, आणि उरलेले काम शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने पुरे करायचे असते.

आता या औषधाचा आणि आपल्या पावसाळ्याचा संबंध कसा जुळला, ते पाहू. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, हे आपणांपैकी पुष्कळांना तोंडपाठ असेल. पण पाणी ओसरल्यावर ऑगस्टात मुंबईच्या रुग्णालयांत तापाच्या रोग्यांची जी रीघ लागली, तिची आठवण तितकीशी राहिलेली नाही. त्या तापांत लेप्टोस्पायरोसिसचा, लोकांच्या बोलीत ‘लेप्टो’चा, वाटा मोठा होता. हायडेलबर्गच्या अडॉल्फ वाइल यांनी १८८६ साली या रोगाच्या काविळीसह येणाऱ्या उग्र रूपाचे वर्णन केले, आणि त्याचा मळसूत्राकार जंतू १९१५ च्या सुमारास जपानात इनाडा व इडो यांनी शोधून काढला. हा जंतू उंदरांच्या, तसेच गुराढोरांच्या व कुत्र्यांच्या मूत्रातून पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून, किंवा डोळ्यांच्या व तोंडाच्या नाजूक त्वचेतून शरीरात शिरतो. कोकणात चिखलात उभे राहून लावणी करणारा शेतकरी आणि परळच्या रस्त्यावरचे पाणी तुडवीत घरी जाणारा कारकून या दोघांनाही त्याची बाधा सारखीच होऊ शकते.

सप्ताहातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन घेतल्यास हा रोग टळतो काय, याची पहिली मोठी परीक्षा पनामाच्या जंगलात युद्धशिक्षणासाठी गेलेल्या ९४० अमेरिकन सैनिकांवर झाली आणि तिचा वृत्तांत १९८४ साली प्रसिद्ध झाला. निरुपद्रवी बनावट गोळी घेणाऱ्यांत वीस जणांना रोग झाला, औषध घेणाऱ्यांत एकाला. हा निकाल पाहून कोणालाही हर्ष व्हावा. परंतु ते सैनिक थोड्या आठवड्यांसाठी त्या प्रदेशात गेलेले होते, आणि ज्यांना जन्मभर त्याच चिखलात वावरायचे असते त्यांची कथा निराळी आहे. आपल्या अंदमानात झालेल्या अशाच प्रयोगात असे दिसले, की औषध घेऊनही जंतूचा संसर्ग थांबला नाही. रोगाचे प्रत्यक्ष प्रमाण मात्र घटले. तेव्हा ही गोळी म्हणजे लस नव्हे आणि अभयपत्रही नव्हे, हे ध्यानात ठेवावे. मुंबई महापालिकेच्या सूचनांतही सरसकट एक मात्रा सांगितलेली नसते. पाण्यातून एकदाच चालून गेलेला आणि अंगावर जखम नसलेला इसम, जखम असूनही त्या पाण्यात उतरलेला इसम, आणि कामानिमित्त वारंवार त्या पाण्यात जाणारा सफाई कामगार, अशा प्रती लावून एक मात्रा, तीन दिवसांच्या मात्रा किंवा सहा आठवडे साप्ताहिक मात्रा अशी तजवीज केलेली असते, आणि कोण कोणत्या प्रतीत बसतो हे ठरवण्याचा अधिकार डॉक्टरचा असतो. शेजाऱ्याला मिळालेली चिठ्ठी आपल्याला लागू पडत नाही ती याचमुळे.

येथवर औषधाची थोरवी झाली. आता ज्यासाठी मी उभा राहिलो त्या मुद्द्याकडे येतो. आपल्या आजेपणज्यांच्या काळी वैद्याने पुडी हातावर ठेवली, की घरचे माणूस पहिला प्रश्न विचारी तो अनुपानाचा : मधातून द्यायचे, तुपातून, की कोमट पाण्यातून? दुसरा प्रश्न पथ्याचा. वैद्याच्या निदानाविषयी आज आपले मत काहीही असो, औषध कशाबरोबर व कोणत्या वेळी पोटात जाते यावर त्याचा परिणाम अवलंबून असतो, ही जाण त्या घरात होती. आज आपण दुकानातून गोळ्यांचे पाकीट घेतो, दिवसातून किती वेळा एवढे विचारतो, आणि पुढचे सगळे गृहीत धरतो. डॉक्सिसायक्लिन हे वस्तुतः सौम्य व स्वस्त औषध आहे, आणि माझे स्पष्ट मत असे, की त्याच्या नावावर जमा झालेल्या बहुतेक तक्रारी औषधाच्या नसून ते घेण्याच्या रीतीच्या आहेत.

पहिलीच तक्रार पाहा. एखादा तरुण दिवसभर काम करून थकून येतो, अंथरुणावर पडता पडता आठवण होते म्हणून कॅप्सूल तोंडात टाकतो, पाण्याचा एक घोट घेतो किंवा तेवढाही घेत नाही, आणि आडवा होतो. कॅप्सूल जठरापर्यंत पोहोचतच नाही. अन्ननलिकेत मधेच चिकटून बसते आणि तेथेच विरघळते. विरघळलेल्या डॉक्सिसायक्लिनचे द्रावण चांगलेच आम्लधर्मी असते, आणि जठराच्या अस्तराला असे आम्ल सोसण्याची जी सवय आहे ती अन्ननलिकेच्या अस्तराला नाही; परिणामी तेथे व्रण पडतो. सकाळी छातीच्या मध्यभागी जळजळ, घास गिळताना असह्य कळ, कधी कधी पाणीही उतरत नाही. घरचे लोक हृदयविकाराच्या भीतीने हवालदिल होऊन रोग्याला रुग्णालयात नेतात, हृदयाचा आलेख निर्दोष निघतो, आणि रात्री काय घेतले होते हे विचारण्याचे कोणाला सुचले, तरच खरे कारण उघडकीस येते. औषध थांबवल्यावर हा व्रण बहुधा काही दिवसांत भरून येतो, पण ते दिवस मोठे कष्टाचे जातात. हे सारे टाळण्यास काय लागते? पेलाभर पाणी, आणि गोळी घेतल्यानंतर निदान अर्धा तास, शक्य तर तासभर, बसून किंवा उभे राहून काढणे. म्हणून ही गोळी निजण्याच्या वेळी घेऊ नये. सकाळी न्याहारीनंतर किंवा रात्री लवकर जेवल्यावर घ्यावी. ज्यांना पूर्वीच गिळण्यास त्रास आहे त्यांनी तो डॉक्टरांस आधीच सांगावा.

दुसरी गोष्ट दुधाची, आणि येथे आपल्या घरोघरच्या समजुतीशी थोडे भांडण करणे प्राप्त आहे. डॉक्टरचे औषध ‘उष्ण पडते’, सबब ते दुधाबरोबर घ्यावे, असा आपल्या वडील स्त्रियांचा आग्रह असतो आणि त्यामागची माया निर्विवाद असते. परंतु दुधातील कॅल्शियम हे टेट्रासायक्लिनच्या कुळातील औषधांना बांधून टाकते आणि तेवढा अंश रक्तात उतरू शकत नाही. जुन्या टेट्रासायक्लिनची यात जितकी हानी होई तितकी डॉक्सिसायक्लिनची होत नाही, सुमारे पंचमांश अंश कमी पडतो. म्हणजे दुधाने ते विष बनत नाही, पण आपण पूर्ण मात्रेचे पैसे देऊन उणी मात्रा घेतो. पोटात मळमळते म्हणून आधार हवा असेल तर पोळीभाजी किंवा भात खाऊन वर पाणी प्यावे. दुधाहून अधिक जपायचे ते लोहाच्या गोळ्यांना आणि आम्लपित्तावरच्या पांढऱ्या औषधांना. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह, जस्त यांचे क्षार असलेले कोणतेही औषध आणि डॉक्सिसायक्लिन यांच्यात दोन-तीन तासांचे अंतर राखलेच पाहिजे. पंडुरोगासाठी लोहाच्या गोळ्या चालू असलेल्या कितीतरी स्त्रिया दोन्ही गोळ्या एका घोटाबरोबर घेतात, आणि मग औषध लागू पडत नाही अशी कैफियत घेऊन येतात.

उन्हाविषयी थोडक्यात सांगतो. या औषधामुळे काहींची त्वचा उन्हाला अतिशय हळवी होते. एरवी जे ऊन सहज सोसले असते त्यानेच चेहरा, मान व हात भाजल्यासारखे लाल होतात, क्वचित नखे खालच्या त्वचेपासून सुटू लागतात. पावसाळ्यात ऊन कोठून, असे म्हणून हे टाळता येत नाही, कारण पावसाने उघडीप दिली की त्याच शेतात दिवसभर राबायचे असते. अंगभर बाह्यांचे कपडे आणि डोक्यावर टोपी किंवा पदर, एवढ्याने बरेच निभावते.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र विस्तार करणे भाग आहे. दात घडत असण्याच्या वयात या कुळातील औषधे दातांच्या कठीण भागात जाऊन बसतात आणि त्यांना कायमचा पिवळा-तपकिरी डाग पाडतात. म्हणून आठ वर्षांखालील मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ही औषधे देण्यास साधारणतः मज्जाव असतो, आणि पुरानंतरच्या प्रतिबंधासाठी त्यांना ॲझिथ्रोमायसिन सांगितले जाते. पण या नियमाला अपवाद आहे, आणि तो ठाऊक नसल्याने कधी घात होतो. झुडपांतील चिगर नावाच्या बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस हा ताप विदर्भातही आढळतो. त्यावर डॉक्सिसायक्लिनसारखे गुणकारी औषध थोडे, आणि उपचारास विलंब झाल्यास तो प्राणावर बेतू शकतो. थोड्या दिवसांच्या डॉक्सिसायक्लिनने दातांना डाग पडण्याची भीती जुन्या टेट्रासायक्लिनच्या मानाने फारच अल्प आहे, असे आता बालरोगतज्ज्ञ मानतात. तेव्हा डॉक्टरांनी अशा तापात लहान मुलाला विचारपूर्वक हे औषध लिहिले असेल, तर दातांच्या धास्तीने ते मधेच बंद करू नये. आणि डॉक्टरांनी लिहिले नसेल, तर थोरल्याच्या पाकिटातली गोळी अर्धी मोडून धाकट्याला देऊ नये.

क्वचित होणाऱ्या पण ओळखल्याच पाहिजेत अशा आणखी काही गोष्टी आहेत. सतत वाढती डोकेदुखी आणि अंधूक दिसणे ही मेंदूभोवतीचा दाब वाढल्याची खूण असू शकते. चेहऱ्यावरील मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांनी त्याच्या जोडीला हे औषध घेणे धोक्याचे, आणि मुरुमांसाठी दोन वेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकत्र आल्या की असा प्रसंग ओढवतो. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. अपस्माराची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधे चालू असतील तर डॉक्सिसायक्लिन शरीरातून लवकर निघून जाते. औषध घेत असताना, किंवा संपल्यावर काही आठवड्यांनीही, पाण्यासारखे वा रक्तमिश्रित जुलाब सुरू झाले तर घरगुती उपायांवर न थांबता दाखवावे. अंगावर पित्त उठणे, ओठ-चेहरा सुजणे, श्वास लागणे, त्वचेवर किंवा तोंडात फोड येणे, यांपैकी काहीही झाले तर पुढची गोळी न घेता तत्काळ रुग्णालय गाठावे.

याच्या उलट एक प्रकार असा, की तो दुष्परिणाम दिसतो पण औषधाची ॲलर्जी नसतो. लेप्टोच्या रोग्याला पहिली मात्रा दिल्यावर काही तासांत हुडहुडी भरून ताप एकदम चढतो. जंतू नष्ट होताना त्यांच्यातील द्रव्ये रक्तात मिसळल्याने हे घडते, आणि यारिश व हर्क्सहायमर या दोन वैद्यांच्या नावाने ही प्रतिक्रिया ओळखली जाते. तिची नोंद ‘औषध सोसत नाही’ अशी एकदा दफ्तरात झाली, की एका चांगल्या औषधाला तो रोगी कायमचा मुकतो.

शेवटी उरलेल्या गोळ्यांविषयी. आपल्या घरांत काही टाकून देण्याची रीत नाही, आणि फडताळातील डब्यात अर्धवट पाकिटे साठत जातात. १९६० च्या दशकाच्या आरंभी, मुदत टळून गेलेल्या टेट्रासायक्लिनमुळे मूत्रपिंडाचे गंभीर विकार झाल्याची प्रकरणे अमेरिकेत प्रसिद्ध झाली; आजच्या गोळ्यांची घडण बदललेली असली तरी मुदत संपलेली गोळी घेण्याचे समर्थन त्यामुळे होत नाही. शिवाय ती गोळी सर्दीपडशाच्या किंवा डेंग्यूच्या तापात, जेथे विषाणूंवर तिचा काडीचाही उपयोग नाही, अशा ठिकाणी खर्ची पडते, आणि अंगातील निरुपद्रवी जंतूंनाही औषधाला दाद न देण्याचे शिक्षण मिळते. पाकिटावरची तांबडी रेघ आणि ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विक्री नाही’ या अर्थाचा मजकूर दुकानदार वाचीत नसेल, तर गिऱ्हाइकाने वाचावा.

येत्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालून आलात, तर पाय साबणाने धुऊन कोरडे करा, जखम आहे का ते पाहा, आणि बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. ताप, पोटऱ्यांत ठणका आणि डोळे लाल अशी चिन्हे दिसू लागली असतील तर तेवढेही थांबू नका. पोटात बाळ आहे, लोह चालू आहे, रक्त पातळ करण्याचे औषध चालू आहे, हे न विचारता सांगा. आणि चिठ्ठी हाती पडली, की उठण्यापूर्वी आपल्या आजीचा तो प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारा : हे कशाबरोबर घ्यायचे?