कसब टिकले, आश्रय तुटला : कोकण किनाऱ्यावरील नौकाबांधणी

(बोरिवली येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



बोरिवली पश्चिमेच्या एकसर गावात सहा वीरगळ आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या पट्टीत लढाई, तिच्यावर वीराचे मरण, पुढे अप्सरांबरोबर स्वर्गाची वाट आणि माथ्याशी शिवपूजा. असे दगड महाराष्ट्रात गावोगाव सापडतात, पण ते बहुतेक गुरांसाठी किंवा गावासाठी जमिनीवर लढून पडलेल्यांचे असतात. एकसरच्या काही दगडांवर मात्र खाली समुद्र आहे आणि त्यावर ओळीने लढाऊ नावा आहेत. नाळ उंच उचललेली, मधोमध डोलकाठी, कडेला वल्ह्यांची रांग आणि वर हत्यारे उगारलेले सैनिक. यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात १२६५च्या सुमारास झालेल्या आरमारी लढाईचे हे स्मारक असावे, असे काही अभ्यासक मानतात. काही त्याहून आधीचा काळ सांगतात. काळ कोणताही धरा, राज्याचा निकाल पाण्यावर लागावा एवढे आरमार या किनाऱ्यावर होते, हे त्या दगडांनी पक्के केले आहे. मग इथला समाज समुद्राकडे पाठ फिरवून बसलेला होता, हा समज कुठून आला? माझे म्हणणे असे, की इथे नाव बांधण्याचे कसब कधीच तुटले नाही. तुटत राहिला तो त्या कसबामागचा आश्रय. पैसा, रान आणि निर्णय ज्यांच्या हाती होता, त्यांनी समुद्राची बाजू पुन्हापुन्हा सोडून दिली.

हे कसब जुने आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल या तिन्ही बंदरांची नावे येतात. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवलेले आहे. यावर आक्षेप ठरलेला असतो: या नावा खिळ्यांनी ठोकलेल्या नसून काथ्याने शिवलेल्या, म्हणजे कच्च्या होत्या. मार्को पोलोनेही होर्मुझच्या शिवलेल्या जहाजांना नावे ठेवली आहेत. पण जिथे धक्का नाही, नाव लाटांतून थेट वाळूवर घ्यावी लागते, तिथे ताठ सांधा फुटतो आणि शिवलेला सांधा थोडा वाकून मार सोसतो. एखादी फळी गेली तर टाके उसवून नवी बसवता येते. खोल बंदरात नांगरणाऱ्या जहाजाची फूटपट्टी वाळूवर ओढल्या जाणाऱ्या नावेला लावली, तर निष्कर्ष चुकणारच. अजिंठ्याचे ते चित्र समोर ठेवून गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ हे शिवलेले शिडाचे जहाज २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाले. हे बांधण्याची विद्या पुस्तकात लिहिलेली नव्हती. पश्चिम किनाऱ्याच्या कारागिरांच्या हातात ती जिवंत होती, म्हणूनच ते बांधता आले.

आश्रय मिळाला की हे कसब काय करते, ते सतराव्या शतकात दिसले. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी कल्याणच्या खाडीत जहाजे बांधायला घेतली. त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर होता, म्हणून मराठी आरमार ही उसनी विद्या होती, असा तर्क काही जण करतात. पोर्तुगीजांच्या दडपणाने व्हिएगस आपल्या माणसांसह १६५९ मध्ये काम टाकून निघून गेला. उसनवारीचा तर्क खरा असता तर आरमार तिथेच बसायला हवे होते. प्रत्यक्षात गुराबा, गलबते, तरांडी, शिबाडे बांधली जातच राहिली आणि वीस वर्षांनी खांदेरी बेटापाशी इंग्रजांशी सामना झाला. १८ ऑक्टोबर १६७९च्या झुंजीत इंग्रजांचे ‘डव्ह’ मराठ्यांच्या हाती लागले. ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाने मात्र मराठी गलबतांना नागोठण्याच्या खाडीकडे माघार घ्यायला लावली, हेही सांगितले पाहिजे. मोठ्या तोफांपुढे गलबत टिकत नसे. पण कमी पाण्यात चालणारी आणि वारा पडला तरी वल्ह्यांवर निघणारी तीच गलबते रात्रीतून बेटावर रसद पोहोचवत राहिली आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. ‘आज्ञापत्र’ या मराठी राजनीतीच्या ग्रंथात आरमारासाठी लाकूड कसे तोडावे याचेही नियम आहेत. सागासारखी झाडे परवानगीने तोडावीत, पण आंबा-फणस ही रयतेने लेकरासारखी वाढवलेली झाडे तिच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत. आश्रय म्हणजे नुसता पैसा नव्हे. रान, रयत आणि गोदी यांचा एकत्र विचार म्हणजे आश्रय, हे त्या नियमांवरून कळते.

तो आश्रय पुढे आपल्याच हातांनी मोडला गेला. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांशी संगनमत करून आलेल्या इंग्रजी ताफ्याने विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते आणि कोणत्याही मध्यवर्ती सत्तेला ते परवडले नसते, असे पेशव्यांच्या बाजूने म्हणता येईल. त्यांना वठणीवर आणणे समजू शकते, पण त्यासाठी समुद्रावरच्या प्रतिस्पर्ध्यालाच घरात घेण्याचे समर्थन होत नाही. त्यानंतरही आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ पकडून दाखवले. खलाशी आणि सुतार होतेच. समुद्राला राज्याचा अर्धा भाग मानणारे धोरण राहिले नव्हते.

आता मुंबईच्या गोदीकडे येऊ. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून सुतार घेऊन आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या इथे जहाजे बांधली. ‘ट्रिंकोमाली’ या एका जहाजाकडे नीट पाहिले तर सगळे प्रकरण उलगडते. त्याचे नकाशे इंग्लंडहून निघाले. पहिला संच ‘जावा’ जहाजाबरोबर १८१२ मध्ये हातचा गेला, म्हणून दुसरा पाठवावा लागला. जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारी सागात ते बांधले आणि १८१७ मध्ये ते पाण्यात उतरले. ओकच्या लाकडातील आम्ल लोखंडी खिळे खाते. सागातील तेल त्यांना जपते. ते जहाज आज इंग्लंडमधील हार्टलपूल इथे पाण्यावर तरंगते आहे. आराखडा इंग्रजांचा, मग त्यात आपले काय, असे कोणी विचारील. आराखडा त्यांचा होता, हे खरेच आहे, आणि माझा मुद्दाही तोच आहे. हात इथला, निर्णय तिथला. म्हणून निर्णय बदलताच हात रिकामे झाले.

लोखंड आणि वाफेपुढे जगभरच लाकडी जहाजे हरली, यात आश्रयाचा संबंध काय, हा शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप. लाकडाचे युग संपणारच होते. पण इथले कारागीर नवी विद्या शिकू शकले नसते, हे खरे नाही. अर्देशीर खरशेटजी वाडियांनी १८३३ मध्येच ‘इंडस’ ही आगबोट पाण्यात उतरवली आणि १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे सभासद होणारे ते पहिले भारतीय ठरले. एवढी तयारी असूनही लोखंडी जहाजांचा उद्योग इथे उभा करण्यात राज्यकर्त्यांना रस नव्हता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांना आधुनिक जहाजांचा कारखाना काढायला १९४१ साल उजाडले, तेही विशाखापट्टणमला. तिथले ‘जलउषा’ १९४८ मध्ये पाण्यात उतरले. आज माझगाव गोदीत विनाशिका आणि पाणबुड्या बांधल्या जातात, म्हणजे निर्णय पुन्हा आपल्याकडे आला आहे.

पण तो मोठ्या गोदीपुरताच आला आहे. वेसावे, मढ, गोराई, उत्तन या आपल्या शेजारच्या कोळीवाड्यांत लाकडी होडीची जागा फायबरची होडी घेते आहे. मासेमाराने स्वस्त आणि हलकी होडी घेतली तर त्याला दोष देता येणार नाही. त्याच्या पोटाचा हिशेब त्याने करावा. कसब जपण्याचा भार मात्र त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकता येत नाही. लाकडी होड्यांची मापे घेणे, पठाणापासून डोलकाठीपर्यंत प्रत्येक भागाची नावे आणि सांध्यांची रीत सुतारांकडून लिहून घेणे, त्या सुतारांना शिकवण्याचे मानधन देणे आणि एकसरच्या वीरगळांना ऊन-पावसापासून आडोसा करणे, ही कामे महापालिकेची, विद्यापीठाची आणि आपल्यासारख्या संस्थांची आहेत. त्यांना फार मोठा पैसा लागत नाही. इतिहासात दर वेळी कमी पडला तो निर्णय, आणि या खेपेला तो घेणे आपल्या हातात आहे.