घराला किती तारे?



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलतात. माझे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि लेबर कोर्टाच्या पायऱ्यांवर झालेले. तेव्हा शास्त्राची भाषा माझ्याकडून अपेक्षू नका; हिशेब मात्र चोख मांडीन.

बाजारात फ्रीज घ्यायला गेलात तर त्यावर तारे दिसतात. २००६ साली ही पद्धत आपल्याकडे सुरू झाली. तारे जितके अधिक, तितकी वीज कमी. वस्तूची अशी पारख होते. जन्माची पुंजी ओतून घेतलेल्या घराची मात्र होत नाही. २०१९ साली केंद्र सरकारने घरांसाठीही १ ते ५ ताऱ्यांची योजना जाहीर केली, पण ती ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे काय, हे किमान वेतनासाठी भांडलेल्या माणसाला सांगायला नको.

आता आपल्या सोलापूरचा विचार करू. येथील उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. विडी कामगार भगिनी घरी बसून विड्या वळतात. त्यांचे घर हाच त्यांचा कारखाना. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १३ व्या कलमात हवा खेळती असावी, भिंती व छप्पर असे असावे की उष्णता शक्य तितकी कमी राहील, अशी तरतूद होती. ती तरतूद कारखान्याच्या फाटकाशी थांबली. पत्र्याखाली सूप घेऊन बसलेल्या बाईपर्यंत ती पोचलीच नाही. पंखा जोरात लावावा तर सुपातली तंबाखू उडते. बंद ठेवावा तर अंगाची लाही होते.

समजा, उद्या कुणी वीजबिले गोळा करून घरांना तारे वाटू लागला. एक दिवा आणि एक पंखा असलेल्या या घराचे बिल सर्वांत कमी, म्हणून त्याला ५ तारे! म्हणजे गरिबीलाच काटकसरीचे प्रशस्तिपत्र मिळाले. माझे आजचे सांगणे एवढेच आहे की, मोजायचे ते माणसाचे बिल नव्हे. मोजायचे ते घराचे छप्पर, भिंत आणि खिडकी.

इंग्लंडात हे तत्त्व पाळले जाते. तेथे घर विकताना २००७ पासून, आणि पुढे भाड्याने देतानाही, ‘ए’ ते ‘जी’ अशी प्रत लिहिलेला दाखला लागू लागला. तेथील प्रश्न थंडीचा. पण भाडेकरू प्रत्यक्षात किती गॅस जाळतो हे त्यासाठी पाहत नाहीत. ते घर ठराविक उबेत ठेवायला किती खर्च येईल, याचा हिशेब करतात. म्हणून कुडकुडत बसणाऱ्याचे घर चांगले ठरत नाही. २०१८ पासून ‘ई’च्या खालच्या घराचा नवा भाडेकरार, काही अपवाद सोडता, करता येत नाही, २०२० पासून चालू करारांनाही हा नियम लागला. दाखल्याला दात आले ते तेव्हा.

आपल्याकडे माप नाही असे नव्हे. २०१८ च्या इको निवास संहितेने भिंतींतून व छतातून किती उष्णता आत यावी, याच्या मर्यादा ठरवल्या. उष्ण-कोरड्या हवामानात, उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र चटई क्षेत्राच्या निदान १० टक्के असावे, असे सांगितले. ३०० चौरस फुटांच्या घराला ३० चौरस फूट! हे मोजायला इंजिनिअर लागत नाही, टेप पुरते. उघडी सिमेंटची स्लॅब छताच्या मर्यादेत बसत नाही. तिच्यावर उष्णता अडवणारा थर हवा. वाडवडिलांच्या माळवदावर मातीचा जाड थर हेच काम करीत होता. पण ही संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांसाठी लिहिली गेली. गरिबाचा लहान प्लॉट तिच्या बाहेरच राहिला.

या शहराच्या कामगारांनी घरे लढून मिळवली आहेत. गोदूताई परुळेकर वसाहतीतील १०,००० घरे २००६ साली मिळाली. रे नगरच्या ३०,००० घरांपैकी पहिली १५,००० जानेवारी २०२४ मध्ये. डोक्यावर छप्पर, हा पहिला लढा. छप्पर कसले, हा दुसरा.

म्हणून माझ्या मागण्या तीन. वॉर्डावार प्रत्येक वस्तीतील छप्पर, खिडक्या आणि मे महिन्यातील दुपारचे आतले तापमान मोजावे. ते आकडे वॉर्ड कचेरीत सर्वांना वाचता येतील असे लावावेत. आणि सुधारणेचा खर्च घर बांधणाऱ्याने, भाड्याने देणाऱ्याने आणि त्या घरात काम करून घेणाऱ्याने उचलावा. तो भाड्यावर चढता कामा नये.

एक धोका मात्र ओळखून असा. खालची प्रत मिळाली म्हणून वस्तीच पाडायला निघणारे लोक आहेत. तारे घर सुधारण्यासाठी हवेत, माणूस उठवण्यासाठी नव्हेत. यासाठी मोजणीच्या वेळी त्या वस्तीतल्या बायका टेप धरून उभ्या राहिल्या पाहिजेत.