‘गोपनीय’ या शब्दाचा दुसरा अर्थ

(नाहूर येथे भांडुप-मुलुंड परिसरात राहणाऱ्या विद्यापीठीय व महाविद्यालयीन कर्मचाऱ्यांच्या सभेत माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा पाठ)



ज्याने आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे कचेरीत घालविली आहेत, त्याला ‘गोपनीय’ हा शब्द कानी पडताच प्रथम काय आठवत असेल? गोपनीय अहवालच आठवणार. वरिष्ठाने लिहावयाचा, त्याहून वरिष्ठाने पाहावयाचा आणि ज्याच्याविषयी तो लिहिला त्याला मात्र बहुधा न दिसणारा असा तो कागद होता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देवदत्त यांच्या प्रकरणी निर्णय दिला आणि त्यातील प्रत्येक नोंद संबंधितास कळविणे आवश्यक ठरले. पुढे त्याचे नावही ‘कार्यमूल्यमापन अहवाल’ असे झाले. तथापि नाव बदलले म्हणून धास्ती जातेच असे नाही.

आज मी आपणांशी ज्या सेवेविषयी बोलणार आहे, तिच्या नावातही हाच शब्द आहे. ती म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी गोपनीय समुपदेशन. येथे मात्र शब्दाचा अर्थ पार उलटा होतो. अहवालातील गुपित कर्मचाऱ्यापासून राखले जाई. समुपदेशनातील गुपित कर्मचाऱ्यासाठी राखले जाते, आणि त्याची किल्ली त्याच्याच हाती असते. हा फरक आस्थापनेने पाळला नाही, तर बाकीचा सारा खर्च व्यर्थ होय, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

परीक्षेचा भार कोणावर?

आपल्यापैकी अनेकजण सकाळी नाहूरहून लोकलने कुर्ल्यास उतरतात आणि तेथून कलिन्याची वाट धरतात. विद्यापीठ म्हटले की समाजास विद्यार्थी व प्राध्यापक दिसतात. परीक्षा विभागातील लिपिक, प्रयोगशाळा परिचर, ग्रंथपाल, तासिका तत्त्वावरील अध्यापक हे सहसा कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत प्रथमच व्यापक प्रमाणावर अवलंबिली. सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका होत्या. निकाल महिनोन्महिने लांबले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. विद्यार्थ्यांच्या हालांविषयी त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले, व ते योग्यच होते. पण खिडकीच्या आतल्या बाजूस बसून, आपल्या हाती नसलेल्या निकालाबद्दल दिवसभर लोकांचा राग सोसणाऱ्या माणसाची झोप कोठे गेली, हे फारसे कोणी विचारले नाही.

ठाण्याचे नाव

मदत मागण्यास माणूस का कचरतो, याचे उत्तर याच रेल्वेमार्गावर आहे. नाहूरनंतर मुलुंड आणि मुलुंडनंतर ठाणे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. तेव्हापासून ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा मुंबईकरांच्या तोंडी बसली. पुण्याकडे येरवड्याचे नाव त्याच अर्थाने घेतले जाते. थट्टा करणारा हसतो आणि विसरतो. ज्याला खरोखर मदत हवी असते तो मात्र ती विसरत नाही.

त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था उभी केली. मन हा आजाराइतकाच आरोग्याचाही विषय आहे, हा विचार तिने महाराष्ट्रात रुजविला. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ साली ‘आयकॉल’ ही दूरध्वनी समुपदेशन सेवा सुरू केली; म्हणजे उच्च शिक्षणाच्या आवारातूनच ही सेवा उभी राहू शकते, हे आपल्याच उपनगरात सिद्ध झाले. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

‘मार्फत’चा घोटाळा

काही वर्षांपूर्वी एका शैक्षणिक संस्थेत कामानिमित्त गेलो असता तेथील सूचनाफलकावर कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशन कक्ष सुरू झाल्याची सूचना वाचली. मजकूर उत्तम होता. शेवटची ओळ अशी होती : ‘इच्छुकांनी विभागप्रमुखांमार्फत अर्ज करावा.’ वर्षभराने पुन्हा जाणे झाले, तेव्हा कक्षाला कुलूप होते. कर्मचाऱ्यांकडून प्रतिसाद नसल्याने सेवा बंद करण्यात आल्याचे कळले. तेथील एक ज्येष्ठ लिपिक मला जिन्यापर्यंत सोडावयास आले आणि आवाज खाली करून म्हणाले, “साहेब, अर्जच विभागप्रमुखांमार्फत द्यायचा, तर मग आत जाऊन आणखी सांगायचे काय राहिले?” गृहस्थ कित्येक महिने नीट झोपले नव्हते. हे त्यांनी घरीही सांगितले नव्हते.

यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मी म्हणणार नाही. प्रत्येक कागद योग्य मार्गाने जावा, ही आपल्या कारभाराची सवय आहे आणि एरवी ती चांगली आहे. पण मनाचे दुखणे जावकात नोंदवून पाठविता येत नाही.

कायदा काय सांगतो?

१९१२ च्या कायद्यास नावच मुळी ‘ल्युनसी’चे, म्हणजे वेडाचे, होते. त्याच्या जागी १९८७ चा कायदा आला आणि त्याचीही जागा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने घेतली. या अधिनियमाच्या कलम २३ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि उपचार करणाऱ्यांवर ती राखण्याचे कर्तव्य सोपविले आहे. अपवाद आहेत, पण ते मोजके आहेत : कोणाच्या जिवास धोका असणे, दुसऱ्यास इजा होण्याचा संभव असणे, न्यायालयाचा आदेश असणे यांसारखे. ‘साहेबांनी विचारले’ हा त्यांत अपवाद नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेने केवळ त्या कारणावरून काढून टाकता येत नाही किंवा त्याचा दर्जा खाली आणता येत नाही. आणि त्या अधिनियमाच्या अनुसूचीत मानसिक आजाराचाही समावेश आहे.

अर्थात समुपदेशनास येणारा प्रत्येकजण आजारी असतो असे नाही. बहुतेकांना कर्ज, घरातील कलह, वृद्ध मातापित्यांची शुश्रूषा किंवा कामाचा ताण यांविषयी कोणाशी तरी मोकळेपणाने बोलावयाचे असते.

सेवा कशी असावी?

अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३६ च्या सुमारास कामगारांसाठी समुपदेशक नेमले गेले. त्यांना अधिकार नव्हता, शिस्तीच्या कारवाईशी संबंध नव्हता. ऐकणे हेच त्यांचे काम होते. पण ते कंपनीच्याच पगारावर होते, आणि ‘हा माणूस नक्की कोणाचा?’ ही शंका अशा प्रत्येक योजनेपुढे उभी राहते. तिचे उत्तर भाषणाने देता येत नाही, व्यवस्थेनेच द्यावे लागते. त्यासाठी काही गोष्टी आवश्यक आहेत.

पहिली, कर्मचाऱ्यास थेट वेळ घेता यावी. कोणाची परवानगी वा शिफारस लागू नये. दुसरी, कक्ष आस्थापना शाखेच्या शेजारी नसावा. शक्य तर आवाराबाहेर असावा. तिसरी, समुपदेशनाची टिपणे सेवापुस्तकात किंवा व्यक्तिगत नस्तीत कधीही जाऊ नयेत. चौथी, देयकावर नाव नसावे, केवळ भेटींची संख्या असावी. कारण वैद्यकीय प्रतिपूर्तीचे देयक पाच टेबलांवरून जाते आणि पाचही टेबलांना डोळे असतात. पाचवी, संस्थेस वर्षाकाठी फक्त एकूण आकडे मिळावेत. ज्या विभागात चारच माणसे आहेत, त्याचा वेगळा आकडा देणे म्हणजे नाव सांगणेच होय. सहावी गोष्ट विद्यापीठांपुरती आहे. मानसशास्त्र विभागातील आपल्याच सहकाऱ्यावर हे काम सोपविण्याचा मोह टाळावा. ज्यांच्याशी उद्या समितीत बसावयाचे आहे त्यांच्यापुढे आज मन उघडे करणे अवघड असते. आणि शेवटची, गुपिताच्या मर्यादा पहिल्याच भेटीत, बोलणे सुरू होण्यापूर्वी, सांगितल्या जाव्यात.

एक इशाराही दिला पाहिजे. रिक्त पदे न भरता, दोघांचे काम एकावर टाकून वर समुपदेशन देणे हा उपाय नव्हे. समुपदेशक तक्रार निवारण समितीची जागा घेऊ शकत नाही. मात्र परीक्षेच्या महिन्यांत येणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली, एवढा नावाविना आकडादेखील प्रशासनास पुष्कळ काही सांगून जातो.

हे सारे केवळ विद्यापीठासाठी नाही. जिल्हा परिषदेची शाळा, पंचायत समितीचे कार्यालय, ग्रामपंचायत येथेही माणसेच काम करतात, आणि गावात तर गुपित टिकणे अधिक कठीण. तेथे स्वतंत्र कक्ष उभारता येणार नाही. पण १४४१६ हा क्रमांक फलकावर लावता येईल आणि त्याखाली एक ओळ लिहिता येईल : ‘यासाठी कोणाच्याही मार्फत अर्ज करण्याची आवश्यकता नाही.’

आपल्यापैकी जे अधिकारी आहेत त्यांना माझी विनंती आहे की, हाताखालचा माणूस गप्प झालेला दिसल्यास त्यास कारण विचारण्याची घाई करू नये. मदत कोठे मिळते तेवढे सांगावे आणि तो तेथे गेला की नाही, याची चौकशी करू नये. हे न विचारणे हाही कर्तव्याचाच भाग आहे.