संगणकांतील निरोप्या

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें त्याचें इंग्रजी नांव ‘मेसेज बस’ असें आहे. बस म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांसमोर एस्. टी.ची लाल गाडी उभी राहील, आणि गंमत अशी कीं तें सर्वस्वीं चुकीचेंहि नाहीं. लॅटिन भाषेंत ‘ऑम्निबस’ म्हणजे ‘सर्वांसाठीं’. त्या शब्दाचें शेपूट तेवढें राखून रस्त्यावरच्या गाडीला बस हें नांव मिळालें; वीजघरांत ज्या जाड पट्टीवरून सर्व शाखांना वीज वांटतात तिलाहि तेंच नांव पडलें; आणि तेथून तें संगणकांत शिरलें. सर्वांसाठीं असलेला एकच मार्ग, एवढा अर्थ मनांत धरला म्हणजे पुढचें सोपें जाईल.

टेबलावर संगणक एक दिसतो, परंतु त्याच्या पोटांत एकाच वेळीं अनेक प्रोग्राम चालूं असतात. एकाचें लक्ष बॅटरीवर, दुसऱ्याचें इंटरनेटच्या जोडणीवर, तिसरा आवाज वाजवितो, चौथा पडद्यावर चौकटी आंखतो. या सर्वांमध्यें भिंती असतात, व त्या मुद्दाम बांधलेल्या असतात. एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या स्मृतींत हात घालतां येत नाहीं; त्यामुळें एक कोसळला तरी शेजारी उभा राहतो. भिंत चांगली खरी, पण मग निरोप कसा पोंचवावयाचा? प्रत्येकानें प्रत्येकाशीं स्वतंत्र तार जोडावी म्हटलें तर दहा जणांना 45 तारा लागतात आणि वीस जणांना 190. (हा हिशेब मुलांकडून हस्तांदोलनाचें उदाहरण घेऊन मीं पुष्कळ वर्षें करवून घेतला आहे.) त्याऐवजीं मध्यें एक निरोप्या बसविला तर वीस जणांना वीसच तारा पुरतात.

लिनक्स नांवाच्या प्रणालीवर हा निरोप्या ‘डी-बस’ या नांवानें ओळखला जातो. त्यापूर्वीं तेथें दोन मोठीं घराणीं नांदत होतीं, एक ग्नोम व दुसरें केडीई. आणि दोघांची निरोपाची रीत निराळी होती. 2002 सालीं हॅवक पेनिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन्ही घरांना चालेल अशी एक समाईक रीत बांधावयास घेतली. 2006 च्या नोव्हेंबरांत तिची पहिली पक्की आवृत्ति निघाली, आणि 2008 सालच्या चौथ्या आवृत्तींत केडीईनें आपली जुनी रीत सोडून हीच स्वीकारली. स्वतःची चालती पद्धति दुसऱ्याशीं बोलतां यावें म्हणून टाकून देणें हें माणसांच्या संस्थांतहि क्वचितच घडतें.

आतां हा निरोप्या काम कसें करतो तें पाहूं. बसवर येणाऱ्या प्रोग्रामनें आपलें नांव सांगावयाचें असतें. बॅटरीकडे पाहणाऱ्या प्रोग्रामचें नांव ‘ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.यूपॉवर’ असें लांबलचक आहे. आपण पत्त्यांत आधीं माणूस, मग गांव, मग जिल्हा लिहितों. येथें क्रम उलटा, आधीं मोठें कूळ व शेवटीं व्यक्ति. एकाच नांवाचे दोन निघूं नयेत हा हेतु. एका संगणकावर बहुधा अशा दोन बस असतात. एक साऱ्या यंत्राची. तिच्यावर कोणीं कोणास काय विचारावें याचे नियम लिहून ठेवलेले असतात. दुसरी संगणकावर काम करावयास बसलेल्या माणसाची. तेथें त्याच्या घरचीं मंडळी मोकळेपणानें बोलतात.

बोलण्याचे प्रकार मुख्यतः दोन. पहिला प्रश्नोत्तराचा: “बॅटरी किती उरली?” “इतके टक्के.” दुसरा दवंडीचा: कांहीं घडलें कीं संबंधित प्रोग्राम एकदांच पुकारा करतो, आणि ज्यांनीं आपणांस ती बातमी हवी असें आधीं नोंदविलें असेल त्या सर्वांना निरोप्या ती पोंचवितो. दवंडीचा गुण तसाच तिचा दोषहि येथें आहे. जो त्या वेळीं गांवांत नव्हता त्याच्यासाठीं ती जपून ठेवली जात नाहीं.

निरोपांतील मजकूर कोणत्या जातीचा, आंकडा, होय-नाहीं, कीं अक्षरें, हेंहि आधीं ठरलेलें असतें. अक्षरें यूटीएफ-आठ या सांकेतिक पद्धतींतच असलीं पाहिजेत असा डी-बसचा दंडक आहे. या पद्धतींत देवनागरीला पूर्ण स्थान असल्यामुळें मराठी निरोप एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे काना-मात्रा न गमावतां जातो. नांवें मात्र रोमन अक्षरांतच द्यावीं लागतात. मला स्वतःला सर्वांत आवडलेली सोय निराळीच आहे. बहुतेक प्रोग्रामांना “तुम्हांला काय काय येतें?” असा प्रश्न बसवरूनच विचारतां येतो, आणि तो प्रोग्राम आपल्या साऱ्या विद्यांची यादी देतो. परीक्षकाचें काम इतकें सुलभ दुसरीकडे कोठें झाल्याचें मला ठाऊक नाहीं.

हें सारें विद्वानांपुरतेंच राहिलें असतें, तर जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, झालेल्या माझ्यासारख्यानें त्यावर बोलण्याचें कारण नव्हतें. पण पायथॉन नांवाची एक भाषा आहे. नेदरलंडमधील गिडो व्हॅन रॉसम यांनीं ती 1991 सालीं प्रसिद्ध केली. लिहावें आणि लगेच चालवून पाहावें अशा जातीच्या भाषांपैकीं ती एक. व्याकरण थोडें व वाक्यें आंखूड. सेवानिवृत्तीनंतर मी ती शिकलों. या भाषेंतून बसशीं बोलण्यासाठीं लागणारें साहित्य तयार मिळतें. आपण फक्त कोणास काय विचारावयाचें तें लिहावयाचें.

त्याचा उपयोग काय, हें मी एका उदाहरणानें सांगतों. माझा एक जुना विद्यार्थी जन्मांध आहे. ध्वनिमुद्रित केलेलीं भाषणें ऐकून तीं टंकलिखित करून देणें हा त्याचा चरितार्थ. त्याच्या संगणकावर ‘ऑर्का’ नांवाचा प्रोग्राम आहे, तो पडद्यावरील मजकूर बोलून दाखवितो. ऑर्का हा पायथॉन भाषेंतच लिहिलेला असून सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनींत तो वाढीस लागला व 2006 पासून ग्नोमबरोबर येऊं लागला. तो पडदा पाहत नाहीं, ऐकतो. अंध माणूस एका बटणावरून दुसऱ्यावर गेला कीं ज्याची ती चौकट असेल तो प्रोग्राम पुकारा करतो: येथें बटण आहे, त्याचें नांव ‘जतन करा’, आतां लक्ष येथें आहे. ऑर्का तो पुकारा ऐकून वाणीस देतो. पूर्वीं हीं बोलणीं कॉर्बा नांवाच्या जड पद्धतीनें होत. 2011 सालीं निघालेल्या तिसऱ्या ग्नोमबरोबर तीं डी-बसवर आलीं. हा पुकारा इतका अखंड चालतो कीं त्यासाठीं एक तिसरी, स्वतंत्र बस ठेवलेली असते. ज्या प्रोग्रामच्या कर्त्यानें पुकारा करण्याचा कंटाळा केला, तो प्रोग्राम अंधाच्या दृष्टीनें कोरी भिंत होय. सुंदर चित्रें काढणाऱ्या कर्त्यांना ही गोष्ट कोणी तरी सुनावली पाहिजे, म्हणून मी ती येथें सुनावून घेतों.

या मुलाची अडचण विजेची होती. त्याच्या गांवीं वीज अवेळीं जाते. डोळसाला दिवा गेलेला दिसतो. तो मला म्हणाला, “गुरुजी, उन्हाळ्यांत पंखा थांबला कीं वीज गेल्याचें मला समजतें. थंडींत पंखाच नसतो. मी आपला लिहीत बसतों.” संगणक बॅटरी संपत आल्याची सूचना देतो, पण ती अगदीं शेवटीं, आणि याला शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरपाशीं यंत्र उचलून न्यावयाचें तर पुरेसा अवधि हवा. काम अर्धवट राहिलें कीं त्या दिवसाची मजुरी जाते.

त्याच्यासाठीं मीं लिहिलेला प्रोग्राम जेमतेम तीस ओळींचा आहे. त्यांत तो प्रथम यंत्राच्या बसवर जातो व यूपॉवरला विचारतो: आपण बॅटरीवर चालत आहों काय? उत्तर होय किंवा नाहीं यांपैकींच येतें. हा प्रश्न सुरुवातीलाच विचारावा लागतो, कारण वीज आधींच गेलेली असेल तर तिची दवंडी पिटून झालेली असते. मग तो दवंडीसाठीं नांव नोंदवितो आणि झोंपी जातो. दर मिनिटास उठून विचारीत बसलें तर दिवसाकांठीं 1440 वेळां विचारावें लागेल, आणि वीज जाणार दोनदां! झोंपलेला प्रोग्राम मात्र बॅटरी जवळजवळ खातच नाहीं; बॅटरी जपण्यासाठीं लिहिलेल्या प्रोग्रामनेंच ती खाल्ली तर हंसें होईल.

दवंडी आली कीं तींत काय बदललें तेवढेंच असतें. विजेसंबंधींचा बदल असेल तर तो “वीज गेली” असें म्हणतो. टक्क्यांची बातमी यूपॉवरच्याच दुसऱ्या दालनांतून येते. 40 च्या खालीं आंकडा गेला कीं तो सांगतो; परंतु त्यानंतर 39, 38, 37 अशा प्रत्येक दवंडीला तेंच वाक्य ऐकावें लागूं नये म्हणून ‘एकदां सांगितलें’ अशी खूण ठेवून देतो. बोलण्याचें काम ‘एस्पीक’ या वाणीकडे दिलें आहे. तिला मराठी येतें. स्वर लोखंडी आहे, पण शब्द समजतात. यूपॉवरच्या कर्त्यांना माझें नांव माहीत नाहीं, एस्पीकच्या कर्त्यांना या मुलाचें गांव माहीत नाहीं, आणि माझ्या तीस ओळींसाठीं त्यांपैकीं कोणालाहि आपल्या घरची एक वीट हलवावी लागली नाहीं.

एक इशारा दिला पाहिजे. माणसाच्या घरच्या बसवर जो मोकळेपणा आहे तो चोरालाहि मिळतो. त्याच माणसाच्या नांवें चालणारा कोणताहि प्रोग्राम सामान्यतः तेथील इतरांना प्रश्न विचारूं शकतो व त्यांचें बोलणें ऐकूं शकतो. तेव्हां कोठून तरी आलेली आज्ञावली, ती चार ओळींची कां असेना, वाचल्याशिवाय चालवूं नये. पायथॉनचा मजकूर उघडा असतो, वाचतां येतो. आणि ज्याला डोळ्यांनीं वाचतां येत नाहीं त्याला ऑर्का तो वाचून दाखवितो.

प्रोग्राम तयार झाल्यावर आम्हीं तारेचा खटका काढून तो तपासून पाहिला. गेल्या हिंवाळ्यापासून तो त्याच्याकडे चालूं आहे. वीज परत आल्यावर “वीज आली” असेंहि त्यानें म्हणावें, अशी मीं योजना केली होती. आठ दिवसांनीं मुलानें तेवढें वाक्य काढून टाकण्यास सांगितलें. वीज आल्याची त्याला घाई नसते; आणि मध्येंच आवाज झाला कीं कानांत चाललेल्या भाषणांतील एक शब्द निसटतो. त्याप्रमाणें ती ओळ काढली आहे.