नखावरचा लेप कां सुटतो?

लग्नघरांत आज एक नवें दृश्य नेहमीं दिसूं लागलें आहे. मुहूर्ताच्या आदल्या दिवशीं वधू करवल्यांसह नखें रंगविण्याच्या दुकानांत जाते, दोन तास बसून नखांवर जेलचा लेप चढवून घेते आणि तीन आठवडे आतां पाहावयास नको, अशा भरंवशानें घरीं परतते. परंतु चौथ्या दिवशीं देवदर्शनाहून परत येते न येते तोंच एखाद्या नखाच्या मुळाशीं लेपाची कड सुटलेली दिसते. केस विंचरतांना एखादा केस तींत अडकतो. मग सहज चाळा म्हणून दुसरें नख त्या कडेखालीं जातें, लेप ओढला जातो, आणि त्याच्याबरोबर नखाचा पापुद्राहि निघून येतो. वधू म्हणते, जेल हलकें होतें; कारागीर म्हणते, हात पाण्यांत घातले असतील. बहुतेक प्रसंगीं दोघींचेंहि म्हणणें अर्धें खरें असतें. लेप टिकणें न टिकणें हें जेलच्या किंमतीपेक्षां त्याच्या पूर्वतयारीवर आणि मागाहून घेतलेल्या निगेवर अधिक अवलंबून असतें.

प्रथम नखाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. नख हें केस व शिंग यांच्याप्रमाणेंच केरॅटिन नांवाच्या द्रव्याचें बनलेलें असतें. त्याचा दिसणारा भाग म्हणजे चपट्या, निर्जीव पेशींचे एकावर एक दाबून बसलेले थर होत; सजीव भाग मुळाशीं, कातडीखालीं असतो. हाताचें नख महिन्याकाठीं सुमारें ३ मिलिमीटर वाढतें. म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवें नख येण्यास जवळजवळ सहा महिने लागतात. एका क्षणाच्या ओढाताणीनें गमावलेला पापुद्रा औषधानें भरून येत नाहीं. तो भाग वाढून पुढें जाईपर्यंत वाट पाहणें एवढेंच हातीं उरतें. हें नख दगडासारखें घट्ट दिसलें तरी तें पाणी शोषून घेतें, फुगतें, मऊ होतें आणि वाळलें कीं पुन्हां आकसतें. लेप सुटण्याचें निम्में रहस्य नखाच्या ह्या फुगण्या-आकसण्यांत आहे.

आतां जेलविषयीं. कृत्रिम नखांची विद्या दंतवैद्यांच्या कपाटांतून बाहेर आली. १९५४ सालीं अमेरिकेंतील फ्रेडरिक स्लॅक नांवाच्या दंतवैद्यानें आपलें मोडलेलें नख दांतांच्या कामीं येणाऱ्या अ‍ॅक्रिलिकनें सांधलें, तेथून ह्या धंद्याचा आरंभ झाला असें सांगतात. दिव्याखालीं घट्ट होणारें जेलहि दांत भरण्याच्या द्रव्यांचेंच भावंड आहे. साध्या नखरंगांतील द्रावक हवेंत उडून जातो व रंग वाळतो. जेल मात्र वाळत नाहीं, तें जुळतें. त्यांतील लहान लहान रेणू अतिनील, म्हणजे जुन्या पुस्तकांतील जंबुपार, किरणांच्या योगानें एकमेकांस सांधले जातात आणि त्यांचें घट्ट जाळें तयार होतें. म्हणून पंख्याखालीं हात धरून जेल वाळविण्यांत कांहीं अर्थ नाहीं.

ओल्या भिंतीला सफेदी दिली तर तिचे पोपडे निघतात, हें कोणत्याहि गृहिणीस सांगावें लागत नाहीं. धुळीवर दिलेला हात टिकत नाहीं, तेलकट जागेवर रंग बसत नाहीं. नखालाहि हाच न्याय लागू आहे. येथें ओल, धूळ व तेल हे तीन शत्रू आहेत. आणि चौथा शत्रू म्हणजे नखपृष्ठाला चिकटून पुढें सरकणारा निर्जीव कातडीचा अत्यंत पातळ पडदा. तो डोळ्यांस क्वचितच दिसतो, परंतु लेप त्याच्यावर बसला तर तो नखावर बसलाच नाहीं असें समजावें. मुळाशीं लेप सुटतो तो बहुधा ह्याच कारणानें.

तेव्हां पूर्वतयारीचा क्रम असा ठेवावा. हात साबणानें धुवून पूर्ण कोरडे करावेत. पुष्कळ ठिकाणीं आधीं कोमट पाण्यांत बोटें भिजवून ठेवण्याची पद्धत आहे. ती साध्या रंगास चालेल, जेलला नाहीं. भिजून फुगलेल्या नखावर लेप दिला आणि रात्रीं नख आकसलें, कीं लेपाचा धर सुटलाच. जुना रंग काढून, मुळाची कातडी बोथट काठीनें हलकेच मागें सारावी आणि नखावर चिकटलेला तो पातळ पडदा खरवडून काढावा. सजीव कातडीस मात्र कात्री लावूं नये, कारण ती मुळाचें जंतूंपासून रक्षण करते. त्यानंतर १८० ते २४० क्रमांकाच्या बारीक घासपट्टीनें नखाची चकाकी तेवढी घालवावी. येथें हौशी हात फसतात. अधिक घासलें म्हणजे अधिक चिकटेल, ही समजूत चुकीची आहे. फार घासलेलें नख पातळ होतें, वांकतें, आणि वांकणाऱ्या नखावरून कडक लेप लवकर सुटतो. घासल्यावर धूळ झटकावी, धागे न सोडणाऱ्या कापडाच्या तुकड्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन नख पुसावें, आणि त्यानंतर त्याला बोट लावूं नये. बोटाचें तेल लागलें कीं सारी मेहनत वायां गेली.

लेप देतांना प्रत्येक थर पातळ असावा. जाड थराच्या पृष्ठभागाचें जेल जुळतें, तळाचें कच्चें राहतें. गडद रंगांत तर किरण खोलवर पोंचतच नाहींत. नखाच्या टोकाच्या धारेवरहि कुंचला फिरवावा, म्हणजे समोरून पाणी शिरावयास फट राहत नाहीं. कडेच्या कातडीवर जेल सांडल्यास दिव्याखालीं हात घालण्यापूर्वींच तें पुसून घ्यावें. कारण कातडीवर घट्ट झालेला लेप कातडीबरोबर हलतो आणि नखावरच्या लेपाची कड उचलतो. अंगठा सपाट ठेवलेल्या हातांत तिरपा राहतो व त्याला प्रकाश कमी मिळतो, म्हणून दोन्ही अंगठे निराळे धरावेत. दिवा त्या जेलसाठीं सांगितलेलाच असावा आणि वेळ घड्याळावर मोजावा. दिव्याखालीं जातांना उघड्या हातांस सूर्यकिरणांपासून संरक्षण करणारें मलम लावावें किंवा बोटांचीं टोकें उघडीं ठेवणारे हातमोजे घालावेत, अशी त्वचारोगतज्ज्ञांची सूचना आहे. अर्थात् तें मलम नखास लागूं न देण्याची दक्षता घ्यावी.

पुढील निगा साधी, पण नित्याची आहे. पहिला दिवसभर गरम पाण्यांत हात फार वेळ ठेवूं नयेत. नंतरहि भांडीं घासतांना व कपडे धुतांना रबरी हातमोजे वापरावेत. कणीक मळण्यास हरकत नाहीं, मात्र नखाखालीं अडकलेलें पीठ मऊ ब्रशानें काढावें. हळदीचा डाग फिकट रंगावर बसतो, हें हळदीच्या समारंभापूर्वीं वधूनें लक्षांत ठेवावें. रोज रात्रीं नखाच्या मुळाशीं तेलाचा एक थेंब चोळावा. लेपाच्या आधीं जें तेल शत्रू, तेंच नंतर मित्र ठरतें. त्यामुळें नख व भोंवतालची कातडी लवचिक राहते. डब्याचें झांकण उघडणें, चिकटपट्टी खरवडणें, हीं कामें नखांकडून करवून घेऊं नयेत. तीं नखें आहेत, हत्यारें नव्हेत.

आणि इतकें करूनहि कड सुटलीच तर? ती ओढूं नये, कीं वरून गोंद किंवा नवा थर देऊन दडपूं नये. सुटलेल्या लेपाखालीं ओल सांचते आणि तेथें कित्येकदां जंतू वाढून नख हिरवट दिसूं लागतें. अशा वेळीं तो लेप काढणें हाच उपाय होय. वरचा थर हलकेच घासून, अ‍ॅसिटोनमध्यें भिजविलेला कापूस नखावर दहा-पंधरा मिनिटें बांधून ठेवावा. लेप मऊ झाला कीं अलगद सरकवावा, न सरकल्यास आणखी थांबावें. अ‍ॅसिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे. देवघरांतील समई किंवा स्वयंपाकघरांतील शेगडी यांच्याजवळ हें काम कदापि करूं नये. जेलचा एक कठीण प्रकार अ‍ॅसिटोननें विरघळत नाहीं. तो जाणत्या हातानें घासूनच काढावा लागतो.

येथवरचा विषय शोभेचा झाला. परंतु यांत आरोग्याचाहि एक गंभीर प्रश्न आहे. न जुळलेलें, कच्चें जेल कातडीस वारंवार लागलें तर कित्येकांच्या शरीरांत त्याविषयीं कायमची असहिष्णुता निर्माण होते. बोटांच्या टोकांस खाज सुटते, पुरळ येतो, कातडी फाटते, प्रसंगीं नख खालून सुटतें. चेहऱ्यास हात लागून पापण्याहि सुजतात. ही असहिष्णुता बहुधा जन्मभर राहते. विशेष हें कीं, ह्याच कुळांतील द्रव्यें दांत भरण्याच्या मसाल्यांत, सांधेरोपणाच्या सिमेंटांत आणि मधुमेह्यांच्या अंगावर चिकटविल्या जाणाऱ्या कांहीं उपकरणांत असतात. म्हणजे विशीमध्यें हौसेपायीं जडलेली व्याधी साठीमध्यें शस्त्रक्रियेच्या वेळीं आडवी येऊं शकते. ह्या द्रव्यांपैकीं प्रमुख जें हेमा, तें असलेलीं नखप्रसाधनें युरोपीय संघानें २०२१ पासून केवळ व्यावसायिकांच्या वापरापुरतीं मर्यादित केलीं. प्रकाशानें क्रिया सुरू करणारें टीपीओ नांवाचें द्रव्य प्रजननास घातक ठरूं शकणाऱ्या वर्गांत गणलें गेल्यामुळें १ सप्टेंबर २०२५ पासून तेथील सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी झाली. घरीं मागविलेल्या स्वस्त पेटींतील दिवा कोणता, जेल कोणतें, यांचा मेळ बसतो कीं नाहीं, हें म्हणूनच आधीं पाहिलें पाहिजे. खाज सुटतांच लेप काढावा, पुन्हां लावूं नये आणि त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावें.

रुग्णांची प्रत्यक्ष शुश्रूषा करणाऱ्यांनीं कृत्रिम नखें वापरूंच नयेत, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ च्या हस्तस्वच्छतेच्या नियमांत स्पष्ट म्हटलें आहे. कारण अशा नखांखालीं जंतू टिकून राहतात. घरांत तान्हें मूल किंवा अंथरुणास खिळलेलें वृद्ध माणूस असेल तर ह्या नियमामागील विचार घरींहि लागू पडतो.

लेप टिकविणारी दक्षता आणि प्रकृति सांभाळणारी दक्षता ह्या दोन निराळ्या नाहींत, हें यावरून दिसून येईल. कातडीवर जेल सांडूं न देणें, थर पातळ ठेवणें, प्रकाश पूर्ण देणें, सुटलेली कड न ओढणें, ह्या प्रत्येक गोष्टीनें दोन्ही हेतु एकदम साधतात. वधूनें मुहूर्ताच्या आदल्या दिवशीं घाईनें न जातां आठवडाभर आधीं एकाच नखावर लेप लावून पाहावा. पहिलीच खेप असेल तर एवढ्या अवधींत खाज सुटलेली नसली तरी पुढें ती सुटणार नाहीं अशी हमी मिळत नाहीं. पण कारागिराचा हात मात्र कळतो. आणि लेप उतरविल्यावर मध्यें कांहीं आठवडे नख मोकळें ठेवून त्याचा रंग व पोत डोळसपणें पाहावा. लेपाखालीं झांकलेला दोष तेव्हांच ध्यानीं येतो.