पायाखालची माती

कृष्णाकांठचें काळें रान वैशाखांत पाहिलें, तर त्यास मनगट जाईल एवढ्या रुंद भेगा पडलेल्या दिसतात. मृगाचा पाऊस कोसळला कीं त्या मिटतात आणि तीच भूमि फुगून वर येते. शेतकऱ्यास ही माती मोठी गुणाची. सांगलीकडील ऊंस व हळद तिच्याच जिवावर पिकते. परंतु त्याच रानांत कोणी घर बांधावयास काढलें कीं तिचा दुसरा स्वभाव प्रत्ययास येतो. दोनचार पावसाळ्यांनंतर खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी चीर निघते, दार चौकटींत अडकूं लागतें आणि घरधनी गवंड्यास दोष देतो. पुष्कळदां तो बिचारा निरपराध असतो.

बेसाल्ट कुजून झालेल्या या मातींत माँटमोरिलोनाइट नांवाचें खनिज विपुल असतें. त्याचे कण पोथीच्या पानांप्रमाणें एकावर एक रचलेले असतात. पाणी शिरलें कीं पानें दूर सरतात, आटलें कीं जवळ येतात. घराच्या मध्यभागाखालीं ओल टिकते, कडेची माती मात्र भिजते व वाळते. म्हणून घर सारखें न हलतां कडेनें हलतें.

सांगलीस १९४७ सालीं निघालेल्या व पुढें वालचंदांचें नांव धारण केलेल्या महाविद्यालयांत स्थापत्य शिकणाऱ्यास मृद्यांत्रिकी हा विषय अभ्यासावा लागतो. पितळेच्या वाटींत ओली माती थापून मधोमध चर पाडावयाचा व वाटी आपटावयाची. २५ ठोक्यांनीं चर मिटेल इतकें पाणी म्हणजे त्या मातीची द्रवसीमा. प्रथम हा पोरखेळ वाटतो. पण ज्या मातीची द्रवसीमा फार वर जाते, तिच्यावर उथळ पाया घालणें धोक्याचें, हें त्याच वाटींत कळतें. अशा जागीं तळाशीं फुगवटा असलेले काँक्रीटचे खुंट खोल, ओल न बदलणाऱ्या थरापर्यंत नेतात. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्रा. कट्टी यांनीं दुसरा उपाय काढला : काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारें १ मीटर थर दाबून बसवावयाचा. योग्य जातीचा मुरूमहि त्यास चालतो. घराच्या रंगास सढळ हातानें खर्च करणारा मनुष्य माती तपासण्यास मात्र हात आखडतो, हें नवल आहे.

साताऱ्याच्या पश्चिमेस प्रश्न निराळा. तेथें डोंगरउतारावर कुजलेल्या खडकाची माती पक्क्या कातळावर पसरलेली असते. कार्ल टेर्झागी यांनीं १९२५ सालीं व्हिएन्ना येथें आपला ग्रंथ प्रसिद्ध करून या शास्त्राचा पाया घातला. मातीवरील भारांतून कणांमधील पाण्याचा दाब वजा जातां जें उरतें, त्यावरच कण एकमेकांस धरून राहतात, असा त्यांचा सिद्धांत. अतिवृष्टींत हा दाब वाढतो, मातीची पकड सुटते आणि उतार खालीं येतो. २०२१ च्या जुलैंत पाटण तालुक्यांतील आंबेघर व मिरगांव येथें दरडी कोसळून घरें माणसांसह गाडलीं गेलीं.

म्हणून डोंगर तासून बांधलेल्या घरामागें पाणी बाजूस वळविणारा चर लागतो, आणि आधार-भिंतींत पाणी निघण्यास भोकें ठेवावीं लागतात. तीं चिखलानें बुजलीं असतील, तर भिंतीमागें पाणी तुंबून तीच भिंत लोटली जाते. मृगापूर्वीं एखादी लोखंडी सळई घालून तीं मोकळीं करण्यास अर्धा दिवस पुरतो.